दुसऱ्याच्या छातीवरचा नंबर

माणसाला अक्कल शिकवावी, पण ती आपल्यावरच उलटेल इतकी शिकवू नये. नीलम गणवीरने ती आपल्या बाबांना जेवणाच्या टेबलावर बसून शिकवली, तीही अगदी हौसेने.

नीलम नोकरीला होती धावण्याच्या शर्यतींची वेळ मोजणाऱ्या कंपनीत. दिल्लीत थंडी पडली की दर रविवारी कुठे ना कुठे हजारो माणसं छातीवर कागदाचा नंबर लावून पळत असतात, आणि कोण कधी निघालं, कुठे पोचलं, याचा हिशोब नीलमचा लॅपटॉप ठेवत असतो. यशवंत गणवीरांना, म्हणजे तिच्या बाबांना, याचं फार नवल वाटायचं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस. यंत्रापेक्षा सहीवर जास्त विश्वास. एका संध्याकाळी गाझियाबादच्या घरी भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "नीलू, हा कागद बोलतो तरी कसा गं? याच्यात सेल कुठाय?"

नीलमने बॅगेतून एक कोरा नंबर काढला आणि उलटा करून दाखवला. मागे फोमची पट्टी, तिच्यावर चांदीसारखी चकाकणारी एक बारीक रेघ.

"सेल नाहीच बाबा. मधे हा ठिपका दिसतो ना, ती चिप. बाजूची रेघ म्हणजे तिचा ॲन्टेना. रस्त्यावर आम्ही चटई अंथरतो, तिच्यात आमच्या रीडरचा ॲन्टेना असतो. तो सतत रेडिओ लहरी सोडत असतो. माणूस चटईवरून गेला की त्या लहरींवरच ही चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुढे गेली की परत झोपते."

"स्वतःहून बोलत नाही?"

"अजिबात नाही. शाळेतली हजेरी आठवा ना. सर नंबर पुकारत नाहीत तोवर गप्प बसायचं, पुकारला की 'हजर' म्हणायचं. फरक इतकाच, की इथे एका दमात शंभर पोरं हजर म्हणतात आणि रीडर ते सगळं नीट ऐकतो."

"आणि हा फोम?"

"अंगात पाणी असतं. पाणी लहरी गिळून टाकतं. टॅग अंगाला चिकटला की मुका होतो, म्हणून मधे फोम."

बाबा बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे याला माणूस ठाऊक नाही. फक्त नंबर ठाऊक."

"बिल्कुल."

"मग प्रॉक्सी लावता येते की!"

नीलम खो खो हसली. "तुम्ही कॉलेजात हेच केलंत वाटतं?" बाबाही हसले. विषय तिथेच संपला, निदान नीलमपुरता तरी.

आता बाबांविषयी थोडं सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा बाबा पळायला लागले. साठी उलटलेला माणूस पहाटे कॉलनीला फेऱ्या मारायचा, मग पाच किलोमीटर, मग दहा, आणि एक दिवस अर्धी मॅरेथॉन पुरी करून गळ्यात मेडल घालून आला. ते मेडल आईच्या फोटोला अडकवलं. मागच्या वर्षी मात्र छातीत कळ आली, स्टेंट बसला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि नीलमने घरात कायदा लागू केला: चालायचं, पळायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू वाढवा, विचारून करा. नीलमने त्यातलं 'वाढवा' काढून टाकलं. एकुलती एक पोर, आई गेलेली. तिच्या भीतीला नावं कशी ठेवायची? पण खरं सांगायचं तर तिने बापाला पार शाळकरी पोर करून टाकलं होतं, आणि शाळकरी पोरं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे.

फेब्रुवारीत गुरुग्रामला शर्यत होती. बाबा म्हणाले, मी छोटी करतो, पाच किलोमीटरची, चालत चालत. नीलमने आढेवेढे घेत हो म्हटलं. बरोबर विठ्ठलकाका होते. विठ्ठल सोनवलकर बाबांचे ऑफिसातले जुने सोबती, राहायलाही समोरच्या विंगमध्ये. त्यांनी मात्र नाव घातलं होतं अर्ध्या मॅरेथॉनला, एकवीस किलोमीटरच्या.

"काका, तुम्ही?" नीलमने डोळे मोठे केले.

"काय करणार? तुझ्या बाबांनी फॉर्म भरला माझा," काका म्हणाले आणि बुटाच्या नाडीकडे बघत राहिले.

शर्यतीच्या दिवशी नीलम आदल्या रात्रीपासूनच गुरुग्रामला होती. चटया अंथरायच्या, वायरी जोडायच्या, दहादा तपासायचं. दोघे म्हातारे पहाटे कॅबने आले. तंबूत बसलेल्या नीलमला ते दिसले नाहीत, पण तिने दोघांचे नंबर पडद्यावर वेगळ्या रंगात काढून ठेवले होते. छोट्या शर्यतीचे नंबर केशरी, मोठीचे निळे.

आधी निळा निघाला. विठ्ठलकाका. पाच किलोमीटरच्या चटईवर टिक् झालं, वेळ बघून नीलमच्या भुवया वर गेल्या. दहाच्या चटईवर पुन्हा टिक्, तोच वेग, ना कमी ना जास्त. मुरलेल्या पळणाऱ्याचा वेग. तिने लगेच काकांच्या घरी, भानुमतीकाकूंना फोन लावला.

"काकू, अहो काका काय पळतायत! मस्त!"

"कोण, आमचे हे?" काकू म्हणाल्या. "अगं, ते दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा टेकतात. तुझं मशीन बघ एकदा."

दोघी हसल्या. शंका यायला हवी होती ती इथे. पण रोज ज्या यंत्राची पोळी खायची, त्याच्यावर माणूस शंका कशी घेईल?

तेवढ्यात केशरी नंबर शेवटच्या चटईवर वाजला. बाबांची छोटी शर्यत संपली होती. वेळ चालणाऱ्याची, अगदी कबूल केल्याप्रमाणे. नीलमला एकदम भरून आलं. उगीच संशय घेत होते मी, बाबांनी शब्द पाळला. तिने बाबांच्या फोनवर मेसेज टाकला, 'शाब्बास बाबा! प्राउड ऑफ यू.' उत्तरादाखल नुसता अंगठा आला. तिने विचारलं, कुठे आहात? आलं, 'चहा.' एवढंच. बाबा एरवी शुद्ध मराठीत पूर्णविरामासकट लिहितात. पण थंडीत बोटं आखडली असतील, असं म्हणून तिने फोन खाली ठेवला.

पंधराच्या चटईवर निळा नंबर वाजला. मग अठराच्या चटईवर वाजेना. पुढची मागची माणसं गेली, निळा नाही. चटई नीट होती, बाकीचे नंबर धडाधड वाजत होते. नीलमने स्वतःलाच समजावलं, काका थकले असतील, बसले असतील फुटपाथवर.

वॉकीटॉकी खरखरला. "टाइमिंग, मेडिकल से बोल रहे हैं. एक रनर गिरे हैं, सिर डिवाइडर पे लगा है. हॉस्पिटल भेज दिया. नाम विठ्ठल सोनवलकर. घरवालों को बता दीजिए."

नीलम खुर्चीवरून उठली. काका! आणि घरच्यांना सांगायचं म्हणजे भानुमतीकाकूंना, ज्यांच्याशी ती आत्ताच हसत होती. कुणा परक्याने हिंदीत सांगण्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून तिने फोन लावला.

"काकू, घाबरू नका. काका जरा पडलेत. दवाखान्यात नेलंय."

 पलीकडे फरशीवर काहीतरी स्टीलचं पडून गरगरत गेल्याचा आवाज. काकू एवढंच म्हणाल्या, "शुद्धीवर आहेत का?"

"मी कळवते. तुम्ही निघा," नीलम म्हणाली. आता बाबांना सांगायला हवं होतं. इतक्या वर्षांचा मित्र. ही बातमी त्यांच्या हृदयाला झेपेल का? भीत भीतच तिने बाबांना फोन लावला.

बाबांच्या फोनला जयंतीच्या मिरवणुकीतल्या ढोलाची रिंगटोन आहे. तो ढोल तंबूच्या मागेच वाजला. नीलम पडदा सारून धावली.

मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात केळं आणि मांडीवर बाबांचा वाजणारा फोन घेऊन, विठ्ठलकाका बसले होते.

"काका!" नीलमने त्यांना मिठीच मारली. "तुम्ही ठीक आहात! अहो, त्यांनी सांगितलं की तुम्ही पडलात! मी काकूंनाही सांगून बसले!" ती हसत होती, डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. काका हसत नव्हते. त्यांच्या हातातलं केळं मोडून खाली पडलं.

मग नीलमची नजर त्यांच्या छातीवर गेली. नंबर केशरी होता. त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: यशवंत.

कधी कधी माणसाला सगळं एका क्षणात कळतं आणि तरीही ते आत शिरत नाही. नीलमने ते नाव वाचलं, परत वाचलं. काका इथे. निळा नंबर दवाखान्यात. काकांचा निळा नंबर लावून जो पळत होता, तो कोण, हे तिच्या डोक्याने तिला सांगितलं आणि तिने ते ऐकायलाच नकार दिला.

"काका, बाबा कुठायत?"

काका खुर्चीतून उठले. "तो म्हणाला, एकदाच. शेवटचं एकदा. म्हणाला, नीलू पडद्यावर नंबर बघते, मला नाही. कॅबमध्येच नंबर बदलले आम्ही, आणि फोन त्याने माझ्याकडे ठेवला."

सकाळभर बाप तिच्या डोळ्यांसमोर पळत होता. ती त्याचा वेग बघून टाळ्या पिटत होती, फक्त दुसऱ्याच्या नावाने. आणि ही युक्ती त्याला शिकवली कुणी? तिनेच, भाकरी मोडता मोडता.

पण रडायला वेळ नव्हता, कारण आता तिला दुसरी गोष्ट सुचली आणि ती पहिलीपेक्षा भयंकर होती. नंबराच्या मागच्या बाजूला आजार आणि औषधं लिहायची जागा असते. काकांनी तिथे काय लिहिलं असणार? काहीच नाही. गुडघे सोडले तर काकांना काही आजारच नाही. म्हणजे दवाखान्यात डोकं आपटलेला एक धडधाकट विठ्ठल पोचला होता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या खाणारा यशवंत तिथे कुणालाच ठाऊक नव्हता. अशा माणसाच्या डोक्यात रक्त वाहायला लागलं तर ते थांबत नाही, हे स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरांनी तिला दोनदा बजावलं होतं.

तिने शर्यतीच्या डॉक्टरांकडून दवाखान्याचा नंबर घेतला. तिकडून एक शांत, दमलेला आवाज आला.

"हाँ जी, सोनवलकर जी. स्टेबल हैं, थोड़े सुस्त हैं. ऑब्ज़र्वेशन में रखा है. स्कैन की लाइन लगी है, बारी आएगी तो करेंगे."

"वो सोनवलकर नहीं हैं!" नीलम ओरडली. "वो यशवंत गणवीर हैं, मेरे पिताजी! उनको स्टेंट है, ब्लड थिनर चल रहा है, दो-दो गोलियाँ! स्कैन अभी कीजिए, प्लीज़!"

"मैडम, आप किसी और पेशंट की बात कर रही हैं. बिब पे, छाती वाले नंबर पे, नाम है. और हमने उनसे पूछा भी था. उन्होंने खुद बोला, विठ्ठल."

 डोकं फुटलंय, रस्त्यावर पडलाय, ग्लानी आलीय, आणि तरी हा माणूस प्रॉक्सी सोडत नाही! मुलीला कळू नये म्हणून बाप मरतानासुद्धा दुसऱ्याचं नाव सांगतो, ही कसली भीती आपण याच्यात घातली, या विचाराने ती मुळापासून हादरली.

"वो झूठ बोल रहे हैं," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "मुझसे छुपाने के लिए झूठ बोल रहे हैं. शर्ट हटाकर बाएँ कंधे पे देखिए, जलने का पुराना निशान होगा. गोल."

रिसीव्हर कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली. काका तिच्याकडे बघत उभे होते, हात जोडलेले, कुणापुढे ते त्यांनाही माहीत नसावं. पावलं परत आली, आता ती धावत होती.

"निशान है. कौन सी दवाइयाँ, जल्दी बताइए."

तिने नावं सांगितली. पलीकडे ती कुणीतरी मोठ्याने पुन्हा उच्चारली आणि फोन बंद झाला.

शर्यतीमुळे निम्मे रस्ते बंद होते. आयोजकांच्या जीपने दोघांना नेलं. वाटेत काकांनी काकूंना फोन केला.

"मी बोलतोय," काका म्हणाले. पलीकडून आधी हुंदका आला, मग शिव्यांची सरबत्ती. काकांनी फोन कानापासून जरा लांब धरला होता, म्हणून काकूंचा पुढचा प्रश्न नीलमलाही ऐकू आला.

"मग पडलं कोण?"

 काकांनी फोन तसाच मांडीवर ठेवला. नीलमला त्यांचा राग यायला हवा होता, पण तो येण्याइतकी जागाच तिच्यात उरली नव्हती.

दवाखान्यात पोचले तेव्हा बाबांना स्कॅनहून परत आणलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, नीलमला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ब्लीडिंग शुरू हो चुकी थी. छोटी है. गोलियों का असर काटने के लिए प्लेटलेट्स चढ़ा रहे हैं. अपनी बारी तक रुकते, तो शायद..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. नीलमने ते मनात पुरं केलं.

दुपार त्या बाकावर गेली. भानुमतीकाकू आल्या, त्यांनी आधी नवऱ्याच्या दंडाला हात लावून बघितला, खरा आहे ना म्हणून, आणि मग नीलमला जवळ घेतलं. कुणी कुणाला दोष दिला नाही. काकांच्या छातीवर केशरी नंबर तसाच होता. नीलमने तो हलक्या हाताने काढला, पिना एकेक करून. मागची चांदीची रेघ गप्प होती. इथे तिला पुकारणारं कुणी नव्हतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. दुसरा स्कॅन झाला होता, रक्त वाढलं नव्हतं. "अब होश में आ रहे हैं. लेकिन दिमाग़ पर असर है कि नहीं, ये देखना पड़ेगा. आप चुप रहिएगा."

बाबांच्या डोक्याला पट्टी होती, डोळे सुजून मिटलेले. त्यांना कोण आलंय ते दिसत नव्हतं. नीलम पायाशी उभी राहिली. तिला एकच भीती होती: आता जे उठेल ते बाबाच असतील ना?

"अंकल, सुन रहे हैं? अपना नाम बताइए."

ओठ हलले.  मग कोरड्या घशातून, एकेक अक्षर तोलून बाबा म्हणाले,

"विठ्ठल. विठ्ठल सोनवलकर."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी नीलमकडे पाहिलं, मान हलवली आणि नर्सला हळूच म्हणाल्या, "कन्फ़्यूज़्ड हैं. अब भी नाम ग़लत बता रहे हैं." मग पुन्हा वाकून विचारलं, "अंकल, घर में किसको ख़बर करें?"

"किसी को नहीं," बाबा म्हणाले. जरा थांबले, श्वास घेतला. "मेरे दोस्त की एक बेटी है... नीलम. टाइमिंग के तंबू में होगी. बस उसको मत बताना. बहुत चिल्लाती है."

डॉक्टरीणबाई काळजीने काहीतरी लिहायला वळल्या. नीलमने तोंडावर हात दाबून धरला, पण हुंदका बाहेर आलाच आणि त्याच्या मागोमाग हसूही.

"मॅडम, कुछ मत लिखिए," ती म्हणाली. "बिल्कुल ठीक हैं. यही मेरे बाबा हैं."

तिचा आवाज ऐकून पट्टीखालचा चेहरा दचकला. पांघरुणावरची बोटं आखडली, चोरी पकडलेल्या पोरासारखी. नीलम उशाशी गेली आणि ती बोटं तिने आपल्या हातात घेतली.

"यशवंत गणवीर," तिने पुकारलं.

 बाबांच्या सुजलेल्या पापणीखालून पाणी ओघळलं आणि ते म्हणाले, "रागावणार नसशील, तर हजर."